जुन्या मोटरसायकलला नवे ब्रेक: ड्रम दुरुस्तीपासून डिस्क बसवण्यापर्यंत

नाशिकमध्ये जुन्या गाड्या सहसा भंगारात जात नाहीत. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ साली थांबलं, तरी कॉलेज रोडला संध्याकाळी तिचा आवाज अजून कानावर येतो. वडिलांची स्प्लेंडर मुलगा चालवतो, आजोबांची बुलेट नातू रंगवून घेतो. इंजिनाचं बोअर होतं, सीट नवी येते, टाकी चकाचक होते. पुढच्या चाकातला ड्रम ब्रेक मात्र तोच राहतो, आणि बऱ्याचदा केबलही तीच. तेवढ्यात आजूबाजूची वाहनं बदलली. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी सेन्सर-कॉम्प्युटरची यंत्रणा) आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस (एका लिव्हरने दोन्ही चाकांना ब्रेक) सक्तीचं झालं. पाथर्डी फाट्याला तुमच्या पुढची गाडी जागेवर थांबते, तुमची थांबत नाही, इतकाच तो फरक.

पाना हातात धरलाय पण ब्रेक कधी उघडला नाही, अशांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) आणि कॅलिपर (तिला पॅडने चिमटीत धरणारा भाग) विकत आणले म्हणजे ब्रेक सुधारला असं होत नाही. मुठीपासून टायरपर्यंत सगळं एकमेकांच्या मापाचं असावं लागतं. जिथे हे माप चुकतं तिथे डिस्क लावलेली गाडी ड्रमपेक्षा वाईट थांबते.

आधी आहे तो ड्रम नीट करा

हे वाचून बरेच जण पुढच्या भागावर उडी मारतील. मारू नका. "ब्रेक लागत नाही" म्हणून डिस्कच्या मागे लागलेल्या निम्म्या गाड्यांचा ड्रम फक्त मरगळलेला असतो. शिवाय मागचा ड्रम तुम्ही ठेवणारच आहात, त्यामुळे हे काम वाया जात नाही.

चाक काढा आणि ब्रेकची प्लेट बाहेर घ्या. आतली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या. आता लायनर बघा. गुळगुळीत, काचेसारखा चकाकत असेल तर तो तापून कडक झालाय. पॉलिश पेपर मारून दोन दिवस बरं वाटेल, पण बदलून टाकलेला बरा.

मग ड्रमची आतली बाजू. बोट फिरवून कडेला खाच लागते का बघा. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापलीकडे गेला असेल तर हब (चाकाचा मधला भाग, ड्रम त्यातच असतो) बदलायचा. त्याच्या आत असून पृष्ठभाग खराब असेल तर लेथवर फिरवून घ्यायचा, आणि इथे नाशिककरांची चंगळ आहे. सातपूर-अंबडला गल्लोगल्ली लेथ आहेत. कारागीर चाक चकमध्ये पकडतो, टूल अगदी हलकं टेकवतो, आणि पहिल्याच फेरीत ड्रमचा अर्धा भाग पांढरा चमकतो, उरलेला काळाच राहतो. "भाऊ, ओव्हल आहे," एवढंच तो म्हणतो. इतके दिवस लिव्हर हातात का थडथडत होती ते तिथे कळतं. हब आरे बांधलेल्या चाकातच फिरवून घ्या. आरे काढून हब फिरवला आणि नंतर ताणून बांधला की तो पुन्हा थोडा वाकतो.

कॅमची (लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या तुकड्याची) पिन काढून गंज पुसा आणि ग्रीसचा पातळ हात द्या. लायनरला ग्रीस लागता कामा नये. केबल नवी टाका, ही सगळ्यात स्वस्त सुधारणा. शेवटी बाहेरच्या आर्मकडे (केबल ओढते त्या दांडीकडे) लक्ष द्या. ब्रेक पूर्ण दाबल्यावर केबल आणि आर्म यांच्यात काटकोनाच्या आसपास कोन यायला हवा. लायनर झिजला की काही मेकॅनिक आर्म काढून एक दात मागे बसवून देतात, "अजून सहा महिने चालेल" म्हणतात. तसं करू देऊ नका. कॅम उलटून अडकला तर चाक जाम होतं. प्लेटवर बाणाची खूण असते ती झीज दाखवायलाच असते, आणि आर्म सरकवला की ती खूण खोटं बोलू लागते. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल ठेवा.

बुलेटवाल्यांना एक जादा काम. जुन्या बुलेटच्या पुढच्या सात इंची ड्रममध्ये दोन कॅम असतात आणि ते बाहेरून एका रॉडने जोडलेले असतात. रॉडची लांबी चुकली की एक लायनर टेकतो, दुसरा नुसता बघत बसतो. लॉकनट सैल करून दोन्ही कॅम एकाच वेळी टेकतील असा रॉड जुळवा. कित्येक बुलेटना एवढ्यानेच नवा ब्रेक मिळतो.

तरीही डिस्क का

घाटामुळे आणि पावसामुळे. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. त्यात लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. कसारा घाट उतरताना किंवा सप्तशृंगी गडावरून नांदुरीला येताना लिव्हर हळूहळू मुठीजवळ येऊ लागते ती यामुळे. डिस्क उघड्या हवेत असते, लवकर निवते, आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. इगतपुरीच्या पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं की बराच वेळ ब्रेक नसल्यात जमा असतो. डिस्कवरचं पाणी पॅड दोन-चार फेऱ्यांत पुसून टाकतात. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकला इंजिनचा ब्रेक जवळपास नसतोच, त्यामुळे उतारावर सगळा भार चाकांवरच येतो. आरएक्सवाल्याने हे काम सगळ्यात आधी करावं, असं माझं मत.

आणि वेग. साठने जाणाऱ्या गाडीची ऊर्जा चाळीसच्या सव्वादोनपट असते. ती सगळी उष्णता होऊन कुठेतरी जायची असते. पिंपळगावच्या बाजूला कांद्याची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर शेतरस्त्यावरून थेट हायवेवर चढतो, तेव्हा हा हिशोब डोळ्यांसमोर येतो.

कागदांचं आधी

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल चालणार नाही. त्यामुळे रस्ता असा निवडा: तुमच्याच मॉडेलची किंवा त्याच कंपनीच्या त्याच घराण्यातली डिस्कवाली आवृत्ती निघाली असेल तर तिचेच भाग, तेही बिलासकट. दुसऱ्याच कंपनीच्या स्पोर्ट्स बाइकचं अख्खं तोंड उचलून लावणं दिसायला भारी, पण फिटनेसला आणि विम्याच्या दाव्याला अडचणीचं. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि तिथे गाडी तपासतात. काम करण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत विचारून घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा.

कोणती गाडी, कोणते भाग

तुमच्या गाडीला आधीपासून डिस्क असेल, म्हणजे १९९९ ची सीबीझेड किंवा सुरुवातीच्या पल्सर, तर काम सोपं आहे. जुना रबरी होज (कॅलिपरकडे ऑईल नेणारी नळी) बाहेरून ठीक दिसला तरी दाब दिल्यावर फुगतो, आणि तुमच्या हाताचं बळ त्या फुगण्यातच खर्च होतं. साधारणपणे चार वर्षांनी होज बदलायचा असतो. इथे बहुतेकांचा वीस वर्षं तसाच असतो. स्टीलच्या जाळीचा होज, कॅलिपरचं आणि मास्टर सिलेंडरचं (लिव्हरजवळचा, ऑईलला दाब देणारा भाग) सील किट, नवे पॅड, नवं ऑईल. एवढं केलं की मोठी डिस्क घ्यायची गरज सहसा पडत नाही.

बुलेटसाठी पुढच्या डिस्कवाल्या बुलेट-क्लासिकचा २८० मिलिमीटर डिस्कचा संच मिळतो. स्प्लेंडरला आपल्याकडचे मेकॅनिक बहुधा पॅशन प्रोचा २४० मिलिमीटर डिस्कवाला पुढचा भाग लावतात. वर्ष आणि मॉडेलप्रमाणे बारीक फरक असतात, म्हणून दुकानात व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) घेऊन जा. शॉकअपच्या नळीची जाडी, ॲक्सलची जाडी, दोन पायांमधलं अंतर आणि "टी"च्या (शॉकअपचे दोन्ही पाय धरणाऱ्या जोडाच्या) दांड्याची लांबी, एवढं मोजा. दुकानदार म्हणेल, "शेठ, बसतंच." मोजाच.

सामान गोळा करताना

यादी करायची तर: कॅलिपर बसायची जागा असलेला शॉकअपचा पाय (शक्यतो दोन्ही पाय जोडीने), डिस्क हब किंवा तयार चाक, डिस्क आणि तिचे बोल्ट, त्याच हबचा ॲक्सल आणि स्पेसर, स्पीडोमीटरचा गियर, कॅलिपर, होज, लिव्हरसह मास्टर सिलेंडर. वर तांब्याचे नवे वायसर, नवे पॅड आणि ब्रेक ऑईल. स्पीडोमीटरचा गियर सगळे विसरतात आणि मग काटा शून्यावर ठेवून फिरतात.

सगळं एकाच गाडीचं घ्या. कारण मास्टर सिलेंडर आणि कॅलिपर यांचं गणित जुळलेलं असतं. मास्टरमधला पिस्टन जितका बारीक, तितका त्याच हातजोराला दाब जास्त, पण लिव्हरची चालही जास्त. ११ मिलिमीटरच्या पिस्टनने १४ च्या तुलनेत सुमारे ६२ टक्के जास्त दाब येतो, कारण हिशोब व्यासाच्या वर्गाचा आहे: १२१ विरुद्ध १९६. एक पिस्टनच्या छोट्या कॅलिपरला मोठ्या गाडीचा मास्टर लावला तर लिव्हर लाकडासारखी कडक लागते आणि गाडी थांबत नाही. उलट मोठ्या कॅलिपरला बारीक मास्टर दिला तर लिव्हर मुठीला टेकते. लिव्हर कडक म्हणजे ब्रेक चांगला, हा गैरसमज इथूनच येतो. मास्टरचं माप बहुतेक वेळा त्याच्या अंगावरच कोरलेलं असतं, वाचून घ्या.

जुना भाग घ्यायला हरकत नाही, पण काही वस्तू जुन्या घेऊच नयेत: होज, पॅड, सील आणि डिस्कचे बोल्ट. जुन्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजा. काचेवर ठेवून वाकली आहे का बघा. कॅलिपरचा पिस्टन बाहेर काढून दाखवायला सांगा. त्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही गळेल. शॉकअपच्या नळीवर उन्हात नजर टाका, पडलेल्या गाडीची नळी वाकलेली असते आणि ती सरळ करून विकतात. आणि हो, होजमध्ये बसवायची "एबीएस" नावाची छोटी पितळी-ॲल्युमिनियमची डबी मिळते. तिला ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. ती एबीएस नाही. पैसे टायरला ठेवा.

बसवणं

मेन स्टँडवर गाडी लावा, इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्या म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. टाकीवर जाड कापड टाका, कारण ब्रेक ऑईल रंग खातं. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

जुनं चाक, केबल आणि लिव्हर काढा. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो घ्या, स्पेसर कोणत्या बाजूचा ते नंतर आठवत नाही. शॉकअपचे पाय बदलताना ऑईल सील आणि शॉकअपचं ऑईल नवं टाका, मॅन्युअलमधल्या मापाने, दोन्हीकडे सारखं. डिस्क ब्रेकने गाडीचं नाक जास्त दबतं. दमलेल्या स्प्रिंगा तशाच ठेवल्या तर खड्ड्यात ब्रेक लावताना शॉकअप तळाला आपटतं.

फक्त हब घेतला असेल तर चाक नव्याने बांधावं लागेल. रिमची भोकं आणि हबची भोकं सारखी आहेत का आधी मोजा. चाक बांधणाऱ्याला सांगा की रिम दोन्ही पायांच्या मधोमध यायला हवी, नुसता आउट (चाकाची लहर) काढून भागत नाही. डिस्कचे बोल्ट थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळा. डिस्कला हाताचं तेलसुद्धा लागू देऊ नका, ब्रेक क्लीनरने पुसा. साखळीला मारायचा स्प्रे चुकूनही इकडे नको.

ॲक्सल घालून नट हातानेच लावा. गाडी खाली घ्या, शॉकअप चार-पाच वेळा दाबा, म्हणजे पाय आपोआप आपल्या जागी बसतात. मगच नट आवळा. कॅलिपर बसवून चाक फिरवा. डिस्क कॅलिपरच्या बरोबर मधून जायला हवी. किंचित घासण्याचा आवाज चालेल, अडखळणं नाही. डिस्क एका बाजूला लहरत असेल तर डायल गेजने बघून घ्या, ०.३ मिलिमीटरच्या वर लहर असेल तर डिस्क परत करा.

आता होज. दोन्ही टोकांना प्रत्येक बँजो बोल्टला (होजचं टोक बसवणारा पोकळ बोल्ट) दोन तांब्याचे वायसर, एक वर एक खाली, आणि नवेच. बोल्टचे आटे दोन प्रकारचे असतात, १.० आणि १.२५ मिलिमीटर अंतराचे. चुकीचा बोल्ट दोन आटे जातो आणि मग अडतो. जोर लावलात तर मास्टर गेला. टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा, जपानी धर्तीच्या १० मिलिमीटर बोल्टला तो साधारण ३० ते ३५ न्यूटन-मीटर असतो. होज बसल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, शॉकअप दाबून आणि पूर्ण सोडून बघा. होज कुठे ताणला जातो का, टायरला लागतो का ते इथेच कळतं. मास्टरवरच्या ब्रेक लाइट स्विचची वायर जोडा. मागची लाल लाइट पुढच्या लिव्हरवर लागते का ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एअर काढणं

म्हणजे ऑईलच्या लाइनमध्ये अडकलेली हवा बाहेर काढणं. नवख्यांना सगळ्यात जास्त छळणारा भाग हाच, आणि यात घाई चालत नाही.

मास्टरच्या झाकणावर छापलंय तेच ऑईल वापरा, बहुतेकांना डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑईलचे प्रकार) लागतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हवेतली ओल शोषून हा आकडा १५५ पर्यंत उतरतो. म्हणून सीलबंद बाटली घ्या, अर्धी वापरलेली नको. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑईल, ते यात मिसळायचं नाही. नाव जवळचं वाटलं तरी डॉट ५.१ हे मात्र डॉट ४ च्या जातीतलंच.

कॅलिपरच्या निपलला (हवा सोडायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक थोडं ऑईल असलेल्या बाटलीत बुडवा. मास्टर भरा. लिव्हर हळू दाबून धरा, निपल पाव वळसा उघडा, बुडबुडे येतील, निपल बंद करा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम पाठ करा. निपल उघडा असताना लिव्हर सोडली की बाहेरची हवा आत जाते आणि तुमचं सगळं काम परत पहिल्यापासून. मास्टरमधली पातळी खालच्या रेषेखाली जाऊ देऊ नका.

नवी, कोरडी लाइन असेल तर असं तासभर करूनही लिव्हर मऊच राहते. अशा वेळी खालून भरा: स्वच्छ सिरिंजमध्ये ऑईल घेऊन निपलमधून हळूहळू वर ढकला. हवा स्वभावानेच वर जाते, तिला तिच्या वाटेने जाऊ द्या. मास्टर ओसंडत नाही ना तिकडे दुसऱ्याला लक्ष ठेवायला सांगा. मग मास्टरजवळचा बँजो बोल्ट फडकं धरून किंचित सैल करा, तिथे अडकलेला शेवटचा बुडबुडा फुसकन निघतो. तरी मऊ वाटली तर लिव्हर मुठीला रबराने बांधून रात्रभर ठेवा, सकाळी फरक दिसतो.

शेवटची परीक्षा: लिव्हर पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरा. ती हळूहळू मुठीकडे सरकत असेल तर कुठेतरी गळतंय. प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा, ओला झाला तिथे दोष. कुठेच ओलं नसेल तर मास्टरचं आतलं सील गेलंय. दोष सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही.

पॅड बसू द्या

पहिल्या दिवशी द्वारका सर्कलला जाऊ नका. रिकाम्या सरळ रस्त्यावर आधी चालण्याच्या वेगाने ब्रेक लावून बघा. मग ४० वरून १० पर्यंत मध्यम जोराने पंधरा-वीसदा वेग उतरवा, प्रत्येक वेळी मध्ये थोडं चालवून डिस्क निवू द्या. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा थर तिथेच चिकटतो आणि नंतर लिव्हर थडथडते. पुढचे दीडशे-दोनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा.

हाताची सवयही बदलावी लागते. ड्रमला चार बोटांनी पिळायची सवय असलेला माणूस पहिल्यांदा डिस्क तशीच पिळतो. दोन बोटांनी, आधी हलकं, गाडीचं नाक दबलं की मग जोर. मागच्या टायरला धार नसेल, पुढचा टायर सहा वर्षांचा होऊन कडक झाला असेल, तर नव्या ब्रेकने चाक फक्त लवकर लॉक होईल. टायरच्या अंगावर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो वाचून ठरवा.

तीनशे-चारशे किलोमीटर झाले की गाडी पुन्हा स्टँडवर घ्या. नव्याने बांधलेल्या चाकाचे आरे सैल पडतात, ते ताणून घ्या. कॅलिपरचे, डिस्कचे आणि ॲक्सलचे बोल्ट पान्याने तपासा, बँजोभोवती ओल आहे का बघा, पॅड दोन्ही बाजूंनी सारखे झिजतायत का बघा. एकच पॅड झिजत असेल तर कॅलिपर त्याच्या पिनांवर सरकत नाहीये. पिना काढून साफ करा आणि सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदलायचं. आपल्याकडे पावसाळ्याआधी, मे महिन्यात केलेलं सोयीचं पडतं.